चेनवाली जुनी एअर बाइक घ्यावी का बेल्टवाली नवीन?

एअर बाइक, म्हणजे पुढे चाकाऐवजी पंखा असलेली घरात व्यायामाला वापरायची सायकल, घ्यायचीच हे ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी लिहितोय, घ्यावी का नाही हा वाद नको. एक आधीच सांगतो, बाजारात ज्या स्वस्तातल्या बाइकला पुढे रेझिस्टन्सचा (पेडल जड-हलकं करायचा) नॉब असतो ती मी यात धरत नाहीये. खऱ्या फॅन बाइकला नॉब लागतच नाही, जेवढं जोरात माराल तेवढी हवाच पंख्याला जास्त अडवते. आणि लागणारी ताकद साधी वाढत नाही बरं का, वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ४० आरपीएमवरून (मिनिटाला ४० फेऱ्या) ५० वर गेलात की ताकद जवळजवळ दुप्पट लागते. पहिल्या दिवशी सगळेच इथे फसतात, मीही फसलो.

माझी पहिली बाइक एका बंद पडलेल्या जिममधून सेकंडहँड घेतलेली, जुन्या पद्धतीची, पेडलपासून पंख्यापर्यंत आत चेन. हा प्रकार तसा जुनाच, श्विन या अमेरिकन सायकल कंपनीची एअरडाइन १९७० च्या दशकाच्या शेवटी आली आणि हातपाय दोन्ही चालवायची कल्पना तिनेच लोकांच्या घरात नेली. तीन वर्षं माझी बाइक चालवली आणि खोटं नाही सांगत, बसायला मजा यायची. फ्रेम हलकी, फॅन पटकन उचलायचा, ४५ मिनिटं आरामात पेडल मारत मॅच बघायची असेल तर मला अजूनही तिचीच आठवण येते. शिवाय काही झालं तर कोपऱ्यावरचा सायकलवाला येऊन बघायचा.

आता त्रास. चेन थोडी ढिली झाली की दर फेरीला एक टक्. वाऱ्याच्या आवाजाचं मला काही वाटत नाही, तो हवेत असतो, खोलीचं दार लावलं की निम्मा संपतो. पण हा टक् लोखंडातून फरशीत आणि फरशीतून थेट खालच्या घरात. मी सकाळी साडेपाचला बसणारा माणूस. एक दिवस खालच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे पहाटे शिलाई मशीन चालतं का हो?" मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. रबरची मॅट टाकली, मग मॅटखाली जुनी सतरंजी टाकली, फरक शून्य. सायकलवाल्याला बोलावलं तर कव्हर काढायला आधी क्रँक (पेडलचा दांडा) काढायचा, त्याला पुलर नावाचं अवजार लागतं, ते आणायला तो परत दुकानात गेला. मग दहा मिनिटांत चेन ताणून दिली आणि म्हणाला, "साहेब, चेन आहे, ढिली होणारच." झालीच. दोन महिन्यांत काकू परत लिफ्टमध्ये.

मग बेल्टवाली घेतली. रोग (Rogue) या अमेरिकन कंपनीची एको बाइक २०१८ मध्ये आली त्याच जातीची, जाड स्टीलची फ्रेम, मोठा फॅन, आत बेल्ट. वजन पन्नास किलोच्या वर, वॉचमन आणि मी मिळून वर आणली तेव्हाच त्या दिवसाचा वर्कआउट झाला. चालवायला जड वाटते, सुरुवातीला हात-पाय एका लयीत यायला वेळ लागतो, आणि निवांत तासभर बसायला ही तितकी मजेची नाही असं माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं. पण २० सेकंद जीव खाऊन मारायचं आणि ४० सेकंद धापा टाकायच्या, यासाठी ही दणकट आहे, जुनी अशा वेळी जागेवर डुलायची. आवाज म्हणाल तर फक्त वाऱ्याचा घोंघाट, तोही कमी नाही, बायको शेजारच्या खोलीतून ओरडतेच. पण काकू आता लिफ्टमध्ये हवापाण्याबद्दल बोलतात.

बेल्ट तुटला तर सायकलवाला कामाचा नाही, पार्ट मागवा आणि वाट बघा, ही धाकधूक मला आहे, अजून वेळ आली नाही इतकंच. आणि दोन्ही बाइकच्या स्क्रीनवरच्या कॅलरी एकमेकींशी ताडून बघू नका, जुनीवर जो आकडा मी सहज काढायचो तो नवीनवर बघायला मिळत नाही, त्यात माझं वय किती आणि मशीन किती कोण जाणे. वारा दोन्हीकडे तोंडावर येतो, मे महिन्यात सुख, डिसेंबरात पहाटे नाक गळतं, नवीनला पुढे लावायची वाऱ्याची ढाल मिळते तेवढं बरं.

तळमजल्यावर राहत असाल, किंवा गावाकडे स्वतःचं घर असेल, आणि चांगल्या अवस्थेतली जुनी स्वस्तात मिळत असेल तर मी अडवणार नाही. फ्लॅटमध्ये असाल तर थोडे थांबा, पैसे साठवा, बेल्टवालीच बघा. आणि कुठलीही बघायला गेलात तर दुकानातलं म्युझिक बंद करायला सांगा आणि ३० आरपीएमवर हळू फिरवा. विकणारा जोरात मारून दाखवेल, पण जोरात मारली की वाऱ्याखाली टक् ऐकूच येत नाही, मलाही घेताना तसाच ऐकू आला नव्हता.