इक्वेटिंग: सरासरी, रेषीय, पर्सेंटाइल की आयआरटी?

एका परीक्षेचे दोन प्रश्नसंच काढले की ते तंतोतंत सारख्या काठिण्यपातळीचे निघत नाहीत. 'ब' संचातले ५८ गुण म्हणजे 'अ' संचातले किती, हे काढण्याच्या कामाला इक्वेटिंग म्हणतात. पद्धत निवडायला बसलेले बहुतेक जण थेट सूत्रांकडे वळतात. माझ्या मते सूत्राचा नंबर दुसरा. आधी हे पाहा: दोन संच सोडवणारे दोन गट सारख्या कुवतीचे होते का? नसतील, तर दोन्ही संचांत काही सामायिक प्रश्न होते का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर नंतर कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा, संचाची काठिण्यपातळी आणि गटाची कुवत वेगळी करता येत नाही.

गट सारखे असतील तर

एकाच वर्गात संच आळीपाळीने वाटले की गट सारखे धरायला हरकत नसते. समजा, १०० गुणांच्या परीक्षेत 'अ'ची सरासरी ६२ आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) १२ आलं. 'ब'ची सरासरी ५८ आणि विचलन १०. सरासरी पद्धत 'ब'च्या प्रत्येकाला सरसकट ४ गुण देते. रेषीय पद्धत विचलनातला फरकही धरते, म्हणजे सरासरीपासून जितके विचलन दूर तितकंच दूर 'अ'वर नेते.

| 'ब'मधले गुण | सरासरी पद्धत | रेषीय पद्धत |
|---|---|---|
| ४० | ४४ | ४०.४ |
| ५८ | ६२ | ६२ |
| ७० | ७४ | ७६.४ |
| ९५ | ९९ | १०६.४ |

मध्यावर दोन्ही एकच सांगतात. भांडण असतं ते टोकांना, आणि शेवटच्या ओळीत रेषीय पद्धत १००च्या पार गेलीय, तेही दिसतंय. इक्विपर्सेंटाइल पद्धतीत हे होत नाही: 'ब'मध्ये ज्या गुणांना जो पर्सेंटाइल (त्यांच्या खाली किती टक्के परीक्षार्थी आहेत ते), 'अ'मध्ये त्याच पर्सेंटाइलला असलेले गुण ते समतुल्य. एक संच फक्त हुशार मुलांनाच अवघड गेला असेल, तर असा वाकडा संबंधही ती पकडते. पण तिला माणसं भरपूर लागतात. टोकांना मोजकेच परीक्षार्थी असल्याने तिथे वक्र खडबडीत होतो, म्हणून आधी लॉग-लिनिअर या संख्याशास्त्रीय मॉडेलने वितरण गुळगुळीत करून घेतात. कर्नल इक्वेटिंग याच विचाराचं नीटनेटकं रूप.

किती माणसं म्हणजे भरपूर? वरचेच आकडे घ्या. प्रत्येक संचाला १००० परीक्षार्थी असतील तर सरासरी पद्धतीच्या ४ गुणांच्या दुरुस्तीची प्रमाण त्रुटी (मोजक्या परीक्षार्थींमुळे येणारी अनिश्चितता) सुमारे ०.५ येते. १०० असतील तर १.५६. आणि ३०च असतील तर जवळपास २.९, म्हणजे ४ची दुरुस्ती करताना तीनेक गुणांची अनिश्चितता आपणच आत घालतो. ही सगळ्यात साध्या पद्धतीची गत. इक्विपर्सेंटाइलची टोकं याहून डळमळीत. म्हणून तीसेक परीक्षार्थींसाठी काहीच न करणं, म्हणजे ५८ला ५८च धरणं, हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो; संच एकाच आराखड्यावरून काळजीपूर्वक बनवले असतील तर नक्कीच. मधला मार्ग हवा असेल तर लिव्हिंग्स्टन आणि किम यांची वर्तुळकंस पद्धत पाहा. ती दोन टोकं आधीच पक्की धरते आणि आकडेवारीतून फक्त मधला एक बिंदू काढते.

गट वेगळे असतील तर

इथे सामायिक प्रश्नांचा, म्हणजे अँकरचा, आधार लागतो. तेच आकडे ठेवू, फक्त गट वेगळे धरू. अँकर २० प्रश्नांचा. 'अ' गटाची त्यातली सरासरी १४, 'ब' गटाची १२.५, दोन्हीकडे विचलन ३. 'ब'चे ५८ म्हणजे अँकरवर १२.५. 'अ' गटात १२.५ हे सरासरीपेक्षा अर्धं विचलन खाली, म्हणून 'अ' संचावर ६२ वजा ६, म्हणजे ५६. गट सारखे मानले असते तर आपण ५८चे ६२ केले असते. प्रत्यक्षात 'ब' संच सोपा होता आणि गटच कच्चा होता! सहा गुणांची ही चूक, वरच्या तक्त्यातलं अगदी टोक सोडलं तर, तिथल्या दोन सूत्रांमधल्या फरकापेक्षा मोठी.

ही झाली साखळी रेषीय पद्धत. टकर पद्धत अँकर आणि एकूण गुणांमधल्या सहसंबंधावर चालते. तो १पेक्षा कमीच असतो, त्यामुळे तिची दुरुस्तीही कमी पडते. गट जवळपास सारखे असतील तर टकर घ्या. गटांत मोठी तफावत असेल तर खऱ्या गुणांवर (मोजमापातली चूक वगळून उरणाऱ्या) आधारलेली लेव्हिन किंवा साखळी. अँकर मात्र संचाची छोटी प्रतिकृती हवा. किमान २० टक्के प्रश्न हा रूढ दंडक आहे, आणि ते प्रश्न दोन्ही संचांत साधारण त्याच क्रमांकावर हवेत.

आयआरटी

आयआरटी म्हणजे आयटम रिस्पॉन्स थिअरी: प्रश्नाचं काठिण्य आणि परीक्षार्थीची कुवत एकाच मोजपट्टीवर मांडणारी मॉडेलं. दरवेळी नवा संच प्रश्नपेढीतून बांधायचा असेल, किंवा परीक्षा उत्तरांनुसार पुढचा प्रश्न बदलणारी, म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह असेल, तर आयआरटीला पर्याय नाही. प्रश्नांचे मापांक (काठिण्यासारखे आकडे) एका मोजपट्टीवर आणले की परीक्षेआधीच रूपांतर तक्ता तयार ठेवता येतो. मापांक जोडायला हाएबारा (१९८०) किंवा स्टॉकिंग-लॉर्ड (१९८३) यांची पद्धत घ्या. मापांकांची सरासरी आणि विचलन जुळवणारी मीन-सिग्मा पद्धत सोपी आहे, पण एखाद्या बिघडलेल्या मापांकानेही हलते. किंमत अशी की तीन मापांकांच्या मॉडेलला हजारांत परीक्षार्थी लागतात. प्रश्नाचं फक्त काठिण्य धरणाऱ्या राश मॉडेलला बरेच कमी पुरतात. शिवाय अँकरमधला एखादा प्रश्न फुटला की तो अचानक सोपा दिसू लागतो आणि सगळी मोजपट्टी सरकते. हा धोका साध्या अँकर पद्धतींनाही आहेच. म्हणून प्रत्येक फेरीत अँकरचे प्रश्न एकेक करून तपासायचे.

रिग्रेशनने 'ब'वरून 'अ'चा अंदाज बांधण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो पर्याय यादीतच धरू नका. वरच्या रेषीय सूत्राने ७०चे ७६.४ होतात आणि उलट नेले तर पुन्हा ७०. रिग्रेशन दोन्ही दिशांना गुण सरासरीकडे ओढतं, त्यामुळे ७० परत ७० होऊन येत नाहीत.