पाच हजार रुपये कोणत्या वाटेने दिले तर छोट्या प्रकाशकापर्यंत पोचतात?

दलित, भटक्या-विमुक्त, आदिवासी समाजांतून आलेल्या माणसांनी चालवलेली प्रकाशनं जगली पाहिजेत, असं वाटणारे लोक कोल्हापुरात कमी नाहीत. अडतं ते पुढे. पैसे द्यायचे तर कसे? पुस्तकं विकत घेऊन, देणगी देऊन, की ग्रंथालयाला पुस्तकं भेट देऊन? प्रत्येक वाटेने रक्कम तीच जाते, पण प्रकाशकाच्या हातात पडणारा आकडा आणि तो पडायची वेळ फार वेगळी असते. यात वेळ जास्त महत्त्वाची. असा प्रकाशक बहुधा तोट्यामुळे बंद पडत नाही. पैसा उधारीत अडकतो, पुढच्या पुस्तकाचा कागद घेता येत नाही आणि काम थांबतं ते थांबतंच.

आधी एक चाळणी लावून घ्या. वंचित समाजातल्या लेखकाचं पुस्तक आणि वंचित समाजातला प्रकाशक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दलित आत्मकथनं मोठ्या प्रकाशनगृहांनीही काढली, ती जरूर घ्यावीत, पण त्या खरेदीने या प्रकाशकांना बळ मिळत नाही. पुण्याचं सुगावा, नागपूरचं पँथर्स पॉ, कोलकात्याचं आदिवाणी ही नावं वेगळी काढावी लागतात ती यासाठी, की काय छापायचं हे तिथे चळवळीतल्या, त्या समाजांतल्या माणसांनी ठरवलं. पुस्तक हातात घेतलंत की आतलं श्रेयपान वाचा. प्रकाशक कोण, पत्ता कुठला, हक्क कोणाकडे, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आहे का. हा क्रमांक भारतात फुकट मिळतो, त्यामुळे तो नसेल तर खर्चाचं कारण पटणारं नाही. मग प्रकाशकाला सरळ विचारा, ‘लेखकाला मानधन देता, की लेखकाकडून पैसे घेता?’ नवख्या कवीकडून छपाईचा सगळा खर्च घ्यायचा, तीनशे प्रती छापायच्या आणि अडीचशे त्याच्याच घरी टाकायच्या, हा धंदा वंचितांच्या नावानेही चालतो. तिथे तुमचे पाच हजार घालू नका.

आता हिशेब. डेमी आकाराचं १६० पानांचं पुस्तक म्हणजे सोळा पानांचे दहा फॉर्म. एका तावावर छापली जाणारी पानं म्हणजे एक फॉर्म. पाचशे प्रतींना पाच हजार ताव, म्हणजे दहा रीम कागद लागतो, वर वाया जाणारा वेगळा. अक्षरजुळणी (डीटीपी), मुखपृष्ठ, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो कागद, छपाई आणि बांधणी मिळून प्रतीला ७० रुपये खर्च धरू. किंमत २०० रुपये, लेखकाला दहा टक्के म्हणजे २० रुपये. प्रेसनुसार आकडे वरखाली होतील, पण प्रमाण साधारण असंच राहतं.

| वाट | सूट किंवा कमिशन | प्रकाशकाला मिळतात | खर्च, मानधन वजा जाता | कधी मिळतात |
|---|---|---|---|---|
| वितरक | ४५ टक्के | ११० | २० | तीन ते सहा महिन्यांनी |
| पुस्तकाचं दुकान | ३५ टक्के | १३० | ४० | प्रत विकल्यावर |
| स्टॉल किंवा थेट | २० टक्के | १६० | ७० | त्याच दिवशी |
| प्रकाशनपूर्व नोंदणी | २५ टक्के | १५० | ६० | छपाईच्या आधी |

वितरकाच्या ओळीत आणखी एक दुखणं लपलंय ते न खपलेल्या प्रतींच्या परताव्याचं. सहा महिन्यांनी निम्मा गठ्ठा कोपरे दुमडून, कव्हरला ओरखडे पडून परत येतो, आणि त्या प्रती पुन्हा पूर्ण किमतीला जात नाहीत. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे वाचकाच्या सोयीचं. पण कागदावर प्रकाशकाने भरलेल्या जीएसटीची वजावट त्यामुळेच मिळत नाही, तो कर खर्चात जाऊन बसतो.

ऑनलाइन बाजारपेठ तक्त्यात घेतली नाही, कारण तिचं शुल्क बदलत राहतं. रचना मात्र साधारण अशी असते. टक्केवारीतलं कमिशन, शिवाय प्रत्येक विक्रीमागे ठरावीक रक्कम आणि पोचवण्याचा खर्च. ती ठरावीक रक्कम हजार रुपयांच्या पुस्तकाला जाणवत नाही, दीडशे-दोनशेच्या पुस्तकाचं कंबरडं मोडते. अशा पुस्तकांच्या किमती मुद्दाम कमी ठेवलेल्या असतात, म्हणून मार इथेच बसतो. प्रकाशकाचा फोन नंबर मिळत नसेल तर ऑनलाइन घ्या. मिळत असेल तर थेट मागवा.

थेट मागवताना टपालाचं काय, हा प्रश्न येतो. रजिस्टर्ड बुकपोस्टची स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा छोट्या प्रकाशकांची चांगलीच कोंडी झाली होती. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं असावं लागतं. वर धरलेलं पुस्तक साधारण २०० ग्रॅम भरतं. म्हणजे एक प्रत पहिल्या टप्प्यात बसते आणि वीस-बावीस प्रतींचा गठ्ठा पाच किलोत. एकेकट्याने मागवण्यापेक्षा गल्लीतल्या, कॉलेजातल्या चारपाच जणांनी मिळून असा पूर्ण गठ्ठा मागवला तर प्रतीमागे पाच-सहा रुपये पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये मागवत असाल तर आत प्लास्टिकची पिशवी आणि वर-खाली पुस्तकापेक्षा बोटभर मोठे पुठ्ठे घालायला सांगा. परफेक्ट बाइंडिंगच्या, म्हणजे शिलाईऐवजी गोंदाने बांधलेल्या पुस्तकात ओल शिरली की कागद फुगतो, पाठीचा गोंद सुटतो आणि पहिला फॉर्म हातात येतो.

कोल्हापूरकरांसाठी सगळ्यात सोपी वाट स्टॉलची. २१-२२ मार्चला माणगावच्या १९२०च्या बहिष्कृत वर्ग परिषदेचा स्मृतिदिन, १४ एप्रिलला बिंदू चौक, २६ जूनला दसरा चौकात शाहू जयंती. शाहू स्मारक भवनातली प्रदर्शनं वेगळी. पण स्टॉलवर काय उचलता यालाही महत्त्व आहे. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २०१७ पासून स्वामित्वहक्कातून मोकळं झालं, त्यामुळे तीच पुस्तकं अनेकांनी छापली आहेत आणि ती खपतातही. सरकारने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या खंडांची किंमत तर कोणत्याही खासगी प्रकाशकाला परवडणार नाही अशी आहे. खरी जोखीम असते नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकात. पारधी, कैकाडी, मसणजोगी समाजातल्या कुणी पहिल्यांदा लिहिलेलं, नाव कुणाला माहीत नसलेलं पुस्तक थप्पीच्या तळाशी असतं. विक्रेत्याला ‘यंदा नवीन काय काढलंत?’ एवढं विचारा. तुमच्या पाचशे रुपयांतली एक तरी प्रत त्या तळातली असू द्या. वीस टक्क्यांच्या वर सूट मागू नका. स्टॉलचं भाडं आणि गठ्ठे आणायचा टेम्पो त्या सत्तर रुपयांतूनच जातो.

तरीही पाच हजार एकरकमी द्यायचे असतील तर आमचं मत प्रकाशनपूर्व नोंदणीच्या बाजूने आहे. तक्त्यात तिचा आकडा स्टॉलपेक्षा दहा रुपयांनी कमी दिसतो, पण पैसे कागद घ्यायच्या वेळी हातात असतात. पाचशे प्रतींचा एकूण खर्च ३५,००० रुपये. दीडशे जणांनी दीडशे रुपये आधी भरले तर २२,५०० जमतात, म्हणजे जवळपास दोनतृतीयांश खर्च सावकाराकडे न जाता उभा राहतो. तुमच्या पाच हजारांत तेहतीस प्रती येतात. एक ठेवा, बाकीच्या वाटा.

ही वाट कुठे फसते तेही बघा. एका पुस्तकाचे आगाऊ पैसे आधीच्या पुस्तकाची उधारी फेडायला जातात आणि नोंदणी केलेलं पुस्तक दोन वर्षं येत नाही. यात लबाडी असतेच असं नाही, बहुतेकदा ओढाताण असते. म्हणून ‘लवकरच येत आहे’ यावर पैसे भरू नका. शेवटची प्रूफं झाली का, मुखपृष्ठ तयार आहे का, प्रेसचं दरपत्रक आलं का, हे विचारा. तिन्हीला हो असेल तर महिना-दोन महिन्यांत पुस्तक येऊ शकतं. पावती घ्या, तीवर पुस्तकाचं नाव आणि प्रतींची संख्या लिहून घ्या.

देणगीचा मोह होतो, कारण ती सोपी आहे. इथे कोल्हापूरचाच इतिहास आठवावा. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ निघालं, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्या काळात ती मोठीच रक्कम होती, त्या मदतीचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण १९२३ मध्ये ते पाक्षिक बंद पडलं. सुरू करायला भांडवल लागतं. चालू ठेवायला वर्षानुवर्षं पैसे भरणारा वर्गणीदार लागतो. आजही देणगी पहिल्या पुस्तकाला, संगणकाला, अक्षरजुळणीच्या खर्चाला योग्य. चालत्या प्रकाशनाला खरेदी जास्त उपयोगी, कारण तिच्याबरोबर वाचक येतो आणि पुस्तक गोदामातून बाहेर पडतं.

कराचंही लक्षात ठेवा. अशी बरीच प्रकाशनं एका व्यक्तीच्या मालकीची असतात, तिथे देणगीवर आयकरातली ‘८०जी’ची सवलत नाही. ती नोंदणी असलेल्या न्यासाला किंवा संस्थेलाच लागू, आणि तिथेही दोन हजारांच्या वरची रोख देणगी चालत नाही. बिनव्याजी उसने देणं हा मधला मार्ग उत्तम आहे. एप्रिलच्या किंवा ६ डिसेंबरच्या विक्रीआधी तीन महिन्यांसाठी द्या, विक्रीनंतर परत घ्या, पुढच्या वर्षी तेच पैसे पुन्हा फिरवा. वीस हजार किंवा त्यावरची उसनवारी रोखीत कायद्याने करता येत नाही. ती बँकेतूनच करा आणि परतीची तारीख कागदावर लिहा.

तालीम, मंडळ, पतसंस्था किंवा कॉलेजकडे वीस-पंचवीस हजार असतील तर ग्रंथालयाची वाट धरा, पण उलट्या बाजूने. ग्रंथालयं स्वतः घेतात तेव्हा पुरवठादार पन्नास टक्के सूट दाखवून ठरलेला गठ्ठा देतो. छोट्या प्रकाशकाला ती सूट झेपत नाही आणि अनुदान येईपर्यंत बिलही लटकतं. त्याऐवजी संस्थेने प्रकाशकाला वीस टक्के सुटीने लगेच पैसे द्यावेत आणि पुस्तकं ग्रंथालयांना भेट द्यावीत. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहेच, पण शिरोळ, कागल, हातकणंगलेतल्या गावच्या वाचनालयांत या पुस्तकांची जास्त वाट पाहिली जाते. एका पुस्तकाच्या पन्नास प्रती एकाच ठिकाणी देऊ नका. दहा पुस्तकांचा संच करा आणि दहा-बारा वाचनालयांना द्या. देण्याआधी ग्रंथपालांशी बोला, नंतर दाखल नोंदवहीत नोंद झाली का ते बघा. नोंद न झालेली भेट कपाटावर पडून राहते.

पैसे नसतील तर जागा द्या. पाचशे प्रती म्हणजे पन्नास-पन्नासचे दहा गठ्ठे, शंभर किलो. प्रकाशकाच्या घरात ते बहुधा तळमजल्यावर असतात. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ मध्येही शहरात शिरलं. वरच्या मजल्यावरची एक कोरडी खोली जूनपासून सप्टेंबरपर्यंत मिळाली तर आख्खी आवृत्ती वाचते. गठ्ठे फरशीवर टेकवू नका, खाली लाकडी फळ्या घाला आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

आणि मुद्रितशोधन येत असेल तर ते द्या, फक्त एक पथ्य पाळून. शाळेत शिकलेला शोधक सवयीने बोली पुसतो. लेखकाने आईच्या तोंडी ‘माज्या लेकराला कुनी हात लावायचा न्हाई’ लिहिलेलं असतं. प्रूफावर ते ‘माझ्या लेकराला कुणी हात लावायचा नाही’ होऊन येतं आणि ती आई पानावरून निघून जाते. काम सुरू करण्याआधी लेखकाबरोबर बसून बोलीतल्या शब्दांची यादी करा. यादीतल्या शब्दाला हात लावायचा नाही, पण एकच शब्द कुठे ‘न्हाई’ आणि कुठे ‘न्हाय’ असा आला असेल तर पेन्सिलीने खूण करून लेखकाला विचारायचं. कारण दोन पात्रं दोन गावची असतील, तर दोन्ही बरोबर असतात.