सहा जणांसाठी बीफ फिले : अख्खा भाजायचा की तुर्नदो परतायचे?

फ्रान्समध्ये राहायला लागलं की कधी ना कधी ही वेळ येतेच. चार घरी जेवून आलेलो असतो, आता त्या मंडळींना आपल्याकडे बोलवायचं असतं, आणि एकदा तरी त्यांच्याच पद्धतीचं साग्रसंगीत जेवण रांधून वाढावं असं मनात येतं. खाटकाकडे काचेमागे फिले दिसतो आणि तिथेच पहिला प्रश्न पडतो. सव्वा किलोचा तुकडा अख्खाच घेऊन ओव्हनमध्ये भाजायचा, की तीन सेंटिमीटर जाडीचे गोल तुकडे, म्हणजे तुर्नदो, कापून घेऊन तव्यावर परतायचे? लियाँमधल्या माझ्या छोट्या स्वयंपाकघरात मी दोन्ही पुष्कळदा केलंय. दोन्ही चांगलेच होतात. तरी पाहुणे येणार असले की गेली काही वर्षं माझा हात एकाकडेच वळतो.

आधी तुर्नदोची बाजू, कारण ती मुळीच कमकुवत नाही. फिले हा कमरेच्या आतल्या बाजूचा स्नायू. जनावर चालता-फिरताना त्याला फारसे कष्ट नसतात, म्हणून तो इतका मऊ असतो. पण चरबी नावालाच, त्यामुळे चवीलाही सौम्य. या मांसाला चव येते ती बाहेरच्या खमंग तांबूस थराने. तुर्नदोला तो थर दोन्ही बाजूंनी मिळतो, अख्ख्या तुकड्याच्या कापाला मात्र फक्त कडेची गोल रेघ. शिवाय तव्याला जे चिकटून राहतं ते सॉससाठी सोनं असतं. मांस काढलं, त्याच तव्यात बारीक चिरलेले शॅलॉट (छोटे, सौम्य कांदे), भरड कुटलेली मिरी, कोन्याक ब्रँडीचा एक शिडकावा, थोडा रस्सा, वर दाट क्रीम, की पाच मिनिटांत मिरीचा सॉस तयार. अख्खा फिले भाजला तर तळाशी रस असा फारसा सुटतच नाही, त्यामुळे सॉसची तजवीज वेगळी करावी लागते.

दुसरी गोष्ट ओव्हनची. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तो एकच असतो. तुर्नदो केले तर तो मोकळा राहतो आणि त्यात ग्रातँ दोफिनवा करता येतं. बटाट्याच्या पातळ चकत्या, क्रीम, दूध, लसूण, जायफळ, मंद आचेवर सव्वा तास. या मांसासोबत त्याच्याइतकं जमणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. अख्ख्या फिलेला २२० अंश लागतात, ग्रातँला १६०च्या आसपास, म्हणजे दोघं एकत्र नांदत नाहीत. मी कधी कधी ग्रातँ दुपारीच करून ठेवतो आणि मांस बाहेर आलं की ते परत आत सरकवतो. चालतं, पण ताज्याची सर येत नाही, हे कबूल करायला हवं.

मग माझं मन कशाने फिरलं?

एका शनिवारची गोष्ट. सहा जण : शेजारचं वयस्क जोडपं, ऑफिसातले दोघं, मी आणि बायको. सुरुवातीला व्हिनेग्रेत, म्हणजे तेल-व्हिनेगरचा सॉस, घातलेले लीक (कांद्याच्या जातीची लांब पात) वाढले होते, ते संपले आणि मी उठलो. माझ्या बिडाच्या तव्यात तीनच तुर्नदो नीट मावतात. चौथा घातला की तवा थंड पडतो, मांसाला पाणी सुटतं आणि भाजायच्या ऐवजी ते उकडतं. रंग करडा येतो. म्हणून दोन घाण्यांत करायचं ठरवलं. पहिले तीन झाले, बायकोने ताटल्या नेऊन ठेवल्या. दुसऱ्यांपैकी एक सेन्याँ, म्हणजे आतून लालसर, आणि दोन बियँ क्वी, म्हणजे पूर्ण शिजलेले हवे होते. त्यांना वेळ लागणारच. मग सॉस. मी टेबलापाशी पोहोचलो तेव्हा शेजारच्या आजींच्या ताटलीत मांसातून सुटलेला गुलाबी रस फरसबीपर्यंत ओघळला होता आणि त्याच्या कडेला लोण्याची पांढुरकी रेघ गोठली होती. आजींनी काटा-सुरी उचललीही नव्हती. इथे घरचा यजमान बसल्याशिवाय सहसा कोणी घास घेत नाही. त्या शांतपणे माझी वाट बघत बसल्या होत्या, आणि पुढ्यातलं मांस निवत होतं.

कुणी काही बोललं नाही. उलट कौतुकच झालं. पण ती गोठलेली रेघ माझ्या डोळ्यांपुढून हलेना. ‘फ्रेंच भोजनपरंपरा’ म्हणून जिची युनेस्कोने २०१० साली नोंद घेतली, त्यात पदार्थांइतकंच महत्त्व सगळ्यांनी एकत्र बसून जेवण्याला आहे. आणि जेवणाच्या ऐन मध्यात, मुख्य पदार्थाच्या वेळीच, मी टेबलावर नव्हतो. नंतर दोन तवे मांडून पाहिलं, कडा भाजून घेऊन ओव्हनमध्ये पुरं करूनही पाहिलं. थोडा फरक पडला, पण तव्यापासून सुटका काही झाली नाही. वर धूर. इथे २०१५पासून प्रत्येक घरात धुराची सूचना देणारं यंत्र सक्तीचं आहे, आणि छोट्या फ्लॅटमध्ये सहा तुर्नदो म्हणजे त्याला आमंत्रणच.

अख्ख्या फिलेत हे गणित उलटं होतं. त्यालाही ताटकळावं लागतं, पण ते ताटकळणं त्याच्या भल्याचं असतं. ओव्हनमधून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं सैलसर फॉइलखाली ठेवलं की रस आत मुरतो आणि आतलं तापमान आणखी तीन-चार अंश चढतं. ती वीस मिनिटं म्हणजे नेमका पहिला पदार्थ खाण्याचा वेळ. पाहुणे टेबलाशी बसताना मी मांस बाहेर काढतो, त्यांच्याबरोबर बसून लीक खातो, मग लाकडी पाट टेबलावरच आणून काप काढतो. सगळ्यांना एकदम, सारखंच गरम मिळतं.

ज्यासाठी तव्यावर सर्वांत जास्त ओढाताण व्हायची, तेही इथे आपोआप सुटतं. अख्ख्या तुकड्याची टोकं जास्त शिजतात, मधला भाग गुलाबी राहतो. आपल्याकडून आलेल्या मंडळींना बहुधा गुलाबी मांस नको असतं. मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजवायची आपली सवय, त्यामुळे लाल रस दिसला की कच्चंच वाटतं. त्यांना टोकाचे काप द्यायचे, फ्रेंच पाहुण्यांना मधले. एकाच तुकड्यात दोन्ही घरं राजी.

ही सवय रांधणाऱ्याच्या हातातही असते, हेही सांगून ठेवतो. आपला हात ‘अजून पाच मिनिटं’ म्हणतो आणि ती पाच मिनिटं या मांसाला मारक ठरतात. मटण जास्त शिजलं तर मऊ होतं, फिले जास्त शिजला तर कोरडा पडतो. आत खुपसायचा थर्मामीटर घ्या, महाग नसतो. मी ४९-५० अंशाला बाहेर काढतो. तासभर आधी फ्रिजबाहेर ठेवलेला, तव्यावर सगळीकडून लालसर करून घेतलेला सव्वा किलोचा तुकडा माझ्या ओव्हनमध्ये साधारण पंचवीस मिनिटं घेतो. तुमच्याकडे थोडं इकडे-तिकडे होईल, कारण वजनापेक्षा तुकडा किती जाड आहे त्यावर जास्त अवलंबून असतं. चूक झाली तर मात्र सहाही जणांचं जेवण एकदम बिघडतं. तुर्नदोत एखादाच बिघडतो. घाबरणाऱ्याला हा मुद्दा जड वाटू शकतो, आणि त्यात तथ्य आहे.

भाज्यांसाठी शेगडी मोकळी मिळते, म्हणून अख्ख्या फिलेसोबत मी बुकेतिएर करतो : गाजर, सलगम, फरसबी, मटार, फ्लॉवर, प्रत्येकाचा वेगळा पुंजका मांसाभोवती. हिरव्या भाज्या दुपारीच खारट उकळत्या पाण्यातून काढून बर्फाच्या पाण्यात टाकायच्या, वाढताना नुसत्या लोण्यात परतायच्या. गाजर आणि सलगम थोडं पाणी, लोणी, चिमूटभर साखर घालून, वर कागद झाकून, पाणी आटून चकाकी येईपर्यंत.

सॉस दोन. सोपा हवा असेल तर खाटकाकडून मिळालेलं छाटण लालसर परतून त्यात शॅलॉट, थाइम आणि अर्धी बाटली रेड वाइन घालून आटवायचं, मग रस्सा घालून पुन्हा आटवून गाळायचं. हे आदल्या दिवशी होतं. हौस असेल तर बेआर्नेझ. पॅरिसजवळच्या सँ-जर्मँ-आँ-ले इथे १८३०च्या दशकात तो जन्मला असं सांगतात. व्हिनेगरमध्ये शॅलॉट आणि टॅरागॉन हा सुवासिक पाला आटवायचा, त्यात अंड्याचे बलक मंद आचेवर फेटायचे आणि वितळवून निवळलेलं लोणी धारेने सोडायचं. इथे आपला हात पुन्हा घात करतो : लोणी आपण तुपासारखं खमंग कढवतो, आणि त्या वासापुढे टॅरागॉन हरवतं. वर तरंगणारं पिवळं तेवढं घ्यायचं, रंग बदलू द्यायचा नाही. झालेला सॉस कोमट पाण्याने विसळलेल्या थर्मासमध्ये तासभर छान राहतो.

दोघांसाठीच करायचं असेल तर मी आजही तुर्नदोच करीन, मिरीच्या सॉससकट, ग्रातँसकट. दोन तुकडे एका तव्यात मावतात, कुणाला थांबावं लागत नाही. चारपर्यंतही दोन तव्यांवर जमेल. सहा झाले की खाटकाला आदल्या दिवशी सांगा : फिलेचा मधला भाग, सव्वा किलो, दोऱ्याने बांधून, बार्द म्हणजे वर गुंडाळायची डुकराची चरबी नको, कारण तिच्याखाली मांसाला रंग येत नाही, आणि पाहुण्यांपैकी कुणाला ती चालत नसेल तर ऐनवेळी पंचाईत होते. आणि छाटण टाकू नका, वेगळं बांधून द्या, असंही सांगा.