पर कुरतडलेले होते, विकलं गेलं ‘फंगस’चं औषध

ठाण्यातल्या एका घरातल्या, मासे पाळायच्या दोन फुटी टाकीची ही हकिकत. टाकी, टॉप फिल्टर, खडे, दोन एंजल आणि सहा टायगर बार्ब जातीचे मासे असं सगळं एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेलं. दहाएक दिवसांत एंजलच्या पोटाखालचे दोऱ्यासारखे लांब पर निम्मे झाले आणि शेपटीला अर्धगोल खाचा पडल्या. दुकानदाराने मोबाइलवरचा फोटो पाहिला, “फंगस आहे” म्हणाला आणि निळ्या औषधाची बाटली हातात दिली. पुढच्या दीड महिन्यात त्याच दुकानातून आणखी दोन औषधं, हिटर आणि मेलेल्या एंजलच्या जागी नवा एंजल विकला गेला. त्यातल्या एकाही गोष्टीची गरज नव्हती.

टायगर बार्ब लांब परांच्या माशांचे पर तोडतो. मासे विकणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. त्या दुकानातही बार्ब आणि एंजल वेगवेगळ्या टाक्यांत ठेवलेले होते. म्हणून याला अज्ञान म्हणता येत नाही. ज्याचे पर तुटणार तो मासा आणि जो तोडणार तो मासा एकत्र विकायचे, आणि मग तुटलेल्या परांवर औषध विकायचं, असा हा धंदा आहे.

पर पाहून कारण ओळखणं फारसं कठीण नाही, फक्त नीट पाहावं लागतं. कुरतडलेल्या पराची कड स्वच्छ असते. तुकडा गेलेला दिसतो, पण उरलेल्या भागाचा रंग बदलत नाही. टोकदार दगडावर किंवा प्लास्टिकच्या झाडावर घासून फाटलेला पर सरळ रेषेत चिरतो आणि दोन्ही बाजू जागेवर असतात. जिवाणूंमुळे सडणारा पर, ज्याला दुकानात फिनरॉट किंवा टेलरॉट म्हणतात, तो कडेकडून विरत जातो. कड दुधाळ, करडी किंवा काळपट होते, कधी लाल रेघ दिसते, पडदा झिजून नुसते काटे बाहेर राहतात. खऱ्या बुरशीचे कापसासारखे पुंजके असतात, आणि ती बहुधा आधीच्या जखमेवर बसते. परांत लाल शिरा आणि मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेतायत, तर संशय अमोनियाचा धरावा. या टाकीत पहिल्या आठवड्यात कुठेही दुधाळ कड नव्हती. फोटो आजही पाहिले तर ते स्पष्ट दिसतं.

दुकानदाराने पाणीही ‘तपासलं’. बाटलीतल्या पाण्यात थेंब टाकले, हिरवट रंग आला आणि “पाणी एकदम बरोबर आहे” असं सांगितलं. ती चाचणी पीएचची, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे पाहण्याची होती. तिच्यावरून अमोनियाबद्दल काहीच कळत नाही. नव्या टाकीत माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला ४० मिलिग्रॅमच्या) खाली. या तीन चाचण्यांशिवाय “पाणी बरोबर आहे” हे कुणाच्याही तोंडून मान्य करू नका.

त्यानंतर दिलेल्या सल्ल्याने सर्वांत जास्त नुकसान झालं: “सगळं पाणी काढा, खडे आणि स्पंज नळाखाली खळखळून धुवा, मग निळं औषध दहा थेंब टाका.” नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजवरचे जिवाणू मारले. उरलेसुरले निळ्या औषधाने, म्हणजे मिथिलीन ब्लूने मारले. अमोनिया पुन्हा चढला, मासे अशक्त झाले, बार्ब चावतच राहिले आणि आता मात्र कुरतडलेल्या परांना खरोखर सड लागली. तेव्हा दुकानदाराचं निदान बरोबर ठरल्यासारखं वाटलं आणि गिऱ्हाईक पुढच्या खरेदीला तयार झालं. मिथिलीन ब्लू मुळात निरुपयोगी नाही. अंड्यांवरच्या बुरशीला आणि नायट्राइटच्या विषबाधेत ते वेगळ्या टबात कामी येतं. पण मुख्य टाकीत ते फिल्टर मारतं आणि सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे करतं. शिवाय ‘दहा थेंब’ हे प्रमाणच नव्हे. द्रावण किती टक्क्यांचं आणि पाणी किती लिटर, हे कळल्याशिवाय थेंबांना अर्थ नाही. ६० × ३० × ३० सेंटिमीटरची टाकी हिशेबाने ५४ लिटरची. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी भरतं जेमतेम ४५ लिटर.

तिसऱ्या फेरीत टेट्रासायक्लिनच्या सुट्या कॅप्सूल आणि हिटर आला, “तापमान ३२ ठेवा” या सूचनेसह. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात तापमान वाढवतात. परांच्या सडीत तसं केलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, आणि कॉलमनॅरिससारखा जिवाणू असेल तर तो आणखी झपाट्याने पसरतो. टेट्रासायक्लिन जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधलं जातं, त्यामुळे बोअरच्या पाण्यात ते बरंचसं वाया जातं. माणसांची अँटिबायोटिक औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, ती माशांच्या दुकानात सुटी मिळणं हीच धोक्याची खूण.

शेवटची लूट तर चीड आणणारी. उरलेल्या एंजलच्या परांना नवी, पारदर्शक कड फुटली होती. पर भरून येताना असाच दिसतो, रंग नंतर चढतो. दुकानदाराने तीच कड दाखवून “बघा, अजून सडतंय” म्हणत आणखी एक बाटली खपवली. फरक ओळखायला रोज एकाच कोनातून, एकाच उजेडात फोटो काढा. कड बाहेर सरकत असेल तर पर वाढतोय, आत सरकत असेल तर सड चालू आहे.

या टाकीला सुरुवातीलाच काय करायला हवं होतं? आधी बार्ब वेगळे करायचे. मग रोज ३० ते ५० टक्के पाणी बदलायचं, नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, हलकेच दाबून. खाणं दिवसातून एकदा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. नुसत्या कुरतडलेल्या परांना बहुतेक वेळा एवढं पुरतं.

कड दुधाळ दिसू लागली तर मासा साबण न लागलेल्या २० लिटरच्या टबात हलवा, आत एअर पंपावरचा स्पंज फिल्टर लावा. खडे मीठ लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅम, आधी मगभर पाण्यात विरघळवून दोन दिवसांत निम्मं निम्मं घाला. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून ८ लिटर पाणी बदललं तर फक्त १६ ग्रॅम परत घालायचं. पाणी थोडं आटलं तर साधं पाणी भरायचं. ७ ते १० दिवस पुरे. कोरिडोरास, लोच या माशांना आणि जिवंत झाडांना हे मीठ सोसत नाही, म्हणून मुख्य टाकीत टाकू नका. एवढं करूनही कड रोज आत सरकत असेल, पराचं मूळ लाल झालं असेल किंवा तोंडावर, पाठीवर पांढरा थर आला असेल, तर वाट पाहू नका. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, तसंच रत्नागिरी, नागपूर आणि उदगीरची मत्स्य महाविद्यालयं इथे माशांच्या रोगांचे जाणकार असतात, त्यांना विचारा. सड अंगापर्यंत पोचून पराचं मूळच गेलं तर तो पर बहुधा परत येत नाही.

औषध घेताना बाटलीवर उत्पादकाचं नाव, घटक, प्रमाण, महिना-वर्ष आणि कमाल किंमत नसेल तर ती परत द्या. कॅनमधून भरलेली सुटी बाटली तर घेऊच नका. माशांचंही बिल मागा. बिल नाकारणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रारीत बिलाची तारीख, सोबत विकलेल्या माशांच्या जाती, दिलेला सल्ला शक्यतो मेसेजमधून लेखी, बाटलीच्या चारही बाजूंचे फोटो आणि परांचे तारीखवार फोटो जोडा. पाण्याच्या तिन्ही चाचण्यांचे आकडे त्याच दिवशी लिहून ठेवा.