कैरोत ‘डे टूर’ घेताय? आधी हे वाचा

कैरोत उतरल्यापासून रिसेप्शनवर, टॅक्सीत, कोशरीच्या दुकानात कोणी ना कोणी तोच रंगीत कागद पुढे करतो. गिझा, मेम्फिस, सक्कारा, दहशूर, म्हणजे कैरोजवळची पिरॅमिड-थडग्यांची जुनी ठिकाणं, सगळं एका दिवसात. एसी गाडी, इंग्रजी बोलणारा गाइड, दुपारचं जेवण. माणशी पंचवीस डॉलर, तिकिटं वेगळी. मुंबईच्या टूरवाल्याने याच दिवसाचे जवळजवळ तिप्पट सांगितले होते, म्हणून आम्ही हॉटेलमधल्या माणसाकडूनच ही ट्रिप घेतली आणि दिवसभर पद्धतशीर लुबाडले गेलो. नवं ग्रँड इजिप्शियन म्युझियम उघडल्यापासून आमच्या ओळखीतले बरेच जण इजिप्तचे बेत आखताहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई शाळेत इतिहास शिकवायच्या. पिरॅमिड बाहेरून बघून त्यांचं भागणार नव्हतं, त्यांना सक्काराच्या थडग्यांमधली भिंतीवरची कोरीव चित्रं बघायची होती. ट्रिप ठरवताना हे मी रिसेप्शनवर दोनदा बजावलं होतं. “टूम्स? येस मॅडम, मेनी टूम्स,” असं उत्तर मिळालं होतं.

सकाळी गाइड आला. तरुण, गोड बोलणारा. भारतीय म्हटल्यावर “अमिताभ बच्चन!” हे तिथे ठरलेलंच, तेही झालं. गाडी सुटताच त्याने तिकिटांचा विषय काढला. रांगा मोठ्या असतात, सगळ्या ठिकाणची तिकिटं मीच काढतो, माणशी अमुक डॉलर रोख द्या. आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या. गिझासारख्या मोठ्या ठिकाणी तिकीट खिडकीवर कार्डच चालतं, रोख घेत नाहीत. दर इजिप्शियन पौंडात असतात आणि सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. मार्च २०२४ मध्ये पौंड एका दिवसात गडगडला आणि डॉलरला तीसच्या आसपास मिळणारे पौंड पन्नासच्या घरात गेले. गाइडलोक मात्र डॉलरमध्येच बोलतात, कारण मधला फरक त्यांच्या खिशात राहतो. रात्री हिशेब मांडला तेव्हा खऱ्या दराच्या जवळपास दुप्पट पैसे गेले होते. मुलाकडे विद्यार्थ्याचं आंतरराष्ट्रीय ओळखपत्र होतं, त्यावर तिकीट साधारण निम्म्यात मिळतं. त्याचेही पूर्ण घेतले होते.

पहिला थांबा पिरॅमिड असायला हवा होता. गाडी थांबली स्फिंक्सच्या बाजूच्या वस्तीत, एका तबेल्यासमोर. “नवीन नियम आहे, आत गाड्या जात नाहीत. आत सगळी वाळू, तुमच्या मम्मीला चालवणार नाही. उंट किंवा घोडागाडी घ्यावी लागेल.” यातला पहिला भाग बराचसा खरा, म्हणून तर पचतो. २०२५ पासून फयूम रस्त्यावरच्या नव्या प्रवेशद्वारातून पर्यटकांना आत घेतात आणि खासगी गाड्या बाहेरच ठेवतात. पण आत विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आहेत, प्रवेशाच्या तिकिटावरच त्यात बसता येतं आणि त्या सगळ्या पिरॅमिडांपाशी थांबतात. आम्हाला हे ठाऊक असू नये याची पुरेपूर काळजी घेतली गेली.

घोडागाडीचा दर ठरला. परतताना तो दर ‘एकाचा’ असल्याचं कळलं. शिवाय घोड्याच्या चाऱ्याचे, धरणाऱ्या पोराचे, आणि मुलाच्या डोक्याला “गिफ्ट, गिफ्ट” म्हणत गुंडाळलेल्या रुमालाचे वेगळे. उंटावर बसणाऱ्यांची गंमत आणखी पुढची. चढायचे पैसे थोडे, उतरायचे भरपूर, आणि उंट तर उंटवाल्याने सांगितल्याशिवाय खाली बसत नाही. नवऱ्याने आवाज चढवला तेव्हा गाइड शांतपणे मोबाइल बघत उभा होता. सासूबाई तेवढ्यात म्हणाल्या, “अरे, या गिझाच्या घोड्यांनी एकदाच चांगलं काम केलंय.” १९९० मध्ये तिथे एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांची, गुलामांची नव्हे, थडगी सापडली, तो किस्सा. गाइडला तो माहीत नव्हता. त्याने आम्हाला पिरॅमिड गुलामांनी बांधले असंच सांगितलं होतं.

सुट्ट्या पैशांचं इथेच सांगून टाकते. नोटेच्या एका बाजूला आकडे अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी असतात. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपला मराठी डोळा इथे हमखास फसतो. त्यात पन्नास पौंडाची नोट आणि पन्नास पियास्तरची नोट, म्हणजे अर्धा पौंड, हातचलाखीने बदलून “तुम्ही हीच दिली” म्हणणारे असतात. नोट देताना इंग्रजी बाजू वर ठेवून मोठ्याने आकडा म्हणावा.

खुफू राजाच्या, म्हणजे गिझातल्या सगळ्यात मोठ्या पिरॅमिडच्या आत जायला वेगळं तिकीट लागतं. “आत काही नाही, रिकाम्या हाताने परत येतात सगळे,” असं सांगून गाइडने तो विषय संपवला. आत खरंच चित्रं नाहीत, चढणही दमछाक करणारी आहे, पण जायचं की नाही हे ज्याने पैसे मोजले त्याने ठरवायचं ना? खरं कारण त्याच्या घड्याळात होतं. साडेअकराला आम्हाला दुकानात पोहोचवायचं होतं.

दुकानं एकंदर चार. जेवणही त्यातल्याच एकाच्या वरच्या मजल्यावर, पाण्याच्या बाटलीचे पैसे वेगळे लावून. अत्तराच्या दुकानात करकदेचं, म्हणजे जास्वंदीच्या जातीच्या फुलांचं, लाल सरबत हातात देतात, मनगटावर ‘लोटस’चं तेल चोळतात आणि पॅरिसची मोठमोठी नावं आमच्याकडूनच अर्क नेतात असं सांगतात. सक्काराच्या रस्त्यावर गालिच्यांच्या ‘शाळा’ आहेत. तिथे खाली मागावर बसलेल्या मुलींची बोटं दाखवतात आणि वर नेऊन दार लावून घेतात. दागिन्यांच्या दुकानात चित्रलिपीत नाव कोरलेलं पदक.

पपायरसचं, म्हणजे प्राचीन इजिप्तमधल्या पाणवनस्पतीच्या कागदाचं, दुकान मात्र थांबून सांगण्यासारखं आहे, कारण तिथली बनवाबनवी फार सफाईची. दारावर ‘इन्स्टिट्यूट’ लिहिलेलं. आत एक बाई पपायरसचा हिरवा, तिकोनी दांडा घेते, साल काढते, गराच्या पट्ट्या कापते, लाटण्याने दाबून त्यातलं पाणी आणि साखर काढते, मग पट्ट्या आडव्या-उभ्या मांडून दाबाखाली ठेवते. हे सगळं खरं आहे. ही लुप्त झालेली कला १९६० च्या दशकात हसन रगब यांनी पुन्हा उभी केली, तेही खरं. मग ती तयार कागद उजेडासमोर धरते. आडव्या-उभ्या रेषांची जाळी स्वच्छ दिसते. “बाहेर रस्त्यावर विकतात तो केळीच्या पानाचा, आमचा असली.” इथवर माणूस पुरता विश्वास ठेवतो, आणि भिंतीवरून उतरवून जे चित्र गुंडाळून देतात ते कोणी उजेडासमोर धरून बघत नाही.

सासूबाईंनी धरलं. जाळी नव्हती. एकाच दिशेच्या जाड शिरा, आणि काही रेषा तर कागदावर छापलेल्या. ‘हाताने रंगवलेल्या’ ओसायरिस देवाच्या डोळ्याजवळ मुलाने मोबाइलचा कॅमेरा नेला तर छपाईचे बारीक ठिपके दिसले. बाई हसली, तेच चित्र निम्म्या किमतीत देऊ म्हणाली. मग पाव. आम्ही बाहेर पडलो तेव्हा गाइडचा चेहरा पहिल्यांदा उतरलेला दिसला. पंचवीस डॉलरमध्ये गाडी, डिझेल, गाइड आणि जेवण बसत नाही. उरलेलं भरून निघतं ते आपण जे विकत घेतो त्याच्या कमिशनमधून. त्या दिवशी आम्ही काहीच घेतलं नाही, आणि माझी खात्री आहे की पुढचं सगळं त्याचा परिणाम होता.

मेम्फिसला, म्हणजे आजच्या मित रहीना गावात, रामसेस दुसरा या राजाचा आडवा पडलेला पुतळा बघायला वीस मिनिटं. सक्काराला पोहोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड, त्याच्या वास्तुकाराने, इम्होतेपने रचलेला, खुफूच्याही आधीचा, समोर सहा टप्प्यांत उभा. फोटो काढले. थडगी? “सॉरी, रिस्टोरेशन. सगळी बंद.” दहशूर? “आर्मी एरिया, आज परवानगी नाही.” ही थाप मला नंतर फार आवडली, इतकी ती अभ्यासपूर्ण होती. दहशूर खरोखरच लष्करी हद्दीत होतं आणि १९९६ पर्यंत पर्यटकांना बंद होतं. आता खुफूच्या बापाचे, स्नेफेरूचे, तिथले दोन्ही पिरॅमिड बघता येतात. मध्येच उतार बदललेल्या वाकड्या पिरॅमिडच्या आतही २०१९ पासून सोडतात.

आमचे चेहरे बघून गाइडने एका झगेवाल्या किल्लीधारी माणसाला खूण केली. त्याने “स्पेशल, सीक्रेट” म्हणत आम्हाला मागे नेऊन एक फाटक उघडलं. आत एक रिकामी, कोरी कोठडी. बाहेर येताना तो दारात आडवा उभा राहिला, हात पुढे. पहारेकऱ्यांनी अशी बंद दारं पैशासाठी उघडणं हा सक्काराचा जुनाच धंदा आहे. आपल्या तिकिटात जे येतं त्याला किल्लीवाल्याची कृपा लागत नाही, आणि ज्याला लागते ते बहुतेक बघण्यासारखं नसतं.

रात्री हॉटेलच्या जेवणघरात मस्कतहून आलेलं एक मराठी जोडपं भेटलं. तेही त्याच दिवशी, त्याच दुपारी सक्काराला होते. वहिनींनी मोबाइल पुढे केला. मेरेरुकाचं थडगं! तेती राजाच्या या वजिराचं थडगं म्हणजे तिसाहून जास्त खोल्यांचा वाडाच. भिंतीत नुसत्या कोरलेल्या खोट्या दारातून पाऊल टाकून बाहेर येणारा त्याचा पुतळा, पाणघोड्यांची शिकार, तरसांना धरून बळेच खायला घालणारे नोकर. एका भिंतीवर कर न भरणाऱ्या गावप्रमुखांना खांबापाशी झोडपताहेत. सासूबाईंनी फोटो मोठे करून करून पाहिले आणि मान वर करून विचारलं, “बंद नव्हतं?” “नाही हो काकू, आम्ही तासभर होतो आत. शेजारचं कागेम्नीचंही बघितलं. सेरापियमला वेगळं तिकीट काढलं.” सेरापियम म्हणजे एपिस या पवित्र बैलांच्या प्रचंड दगडी शवपेट्यांचं भुयार, ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १८५० च्या सुमारास शोधलेलं. तेही आमच्या कागदावर छापलेलं होतं.

मी तो रंगीत कागद आणि वहिनींनी पाठवलेले तारीख-वेळेसह फोटो घेऊन रिसेप्शनवर गेले. आधी “गाइड आमचा माणूस नाही,” मग “उद्या मॅनेजर येतील.” मी म्हटलं, ठीक आहे, हेच सगळं १२६ वर सांगते. हा तिथल्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक. मॅनेजर दहा मिनिटांत आले. दहशूर आणि थडग्यांचे म्हणून काही रक्कम परत मिळाली, तिकिटांतली मारलेली रक्कम नाही, कारण ती रोख दिली होती आणि पावती नव्हती. गाइडच्या गळ्यात पर्यटन मंत्रालयाचा परवाना होता का, असं विचारल्यावर मॅनेजर नुसते हसले. परवानाधारक गाइड ते कार्ड दाखवायला कधी का-कू करत नाहीत, सकाळी गाडीत बसण्याआधीच बघून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी ठरलेला कार्यक्रम रद्द करून आम्ही परत सक्काराला गेलो, गाइडशिवाय. मस्कतच्या जोडप्याने सांगितलं तसंच केलं: आदल्या रात्री चालकाशी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दुकान नाही, एकही नाही’ हे लिहून घेतलं, आठच्या ठोक्याला फाटकावर पोहोचलो, तिकिटं स्वतःच्या कार्डावर काढली आणि खिडकीवरच विचारलं की आज कोणकोणती थडगी उघडी आहेत. थडग्यांची डागडुजी कधीकधी खरोखर चालू असते, पण ते गाइडच्या तोंडून न ऐकता खिडकीवरच्या फलकावर वाचावं. गर्दीचे गट गिझा उरकून दुपारी येतात, त्यामुळे सकाळी मेरेरुकाच्या खोल्यांत आम्ही आणि एक जपानी जोडपं एवढेच होतो. सासूबाई करचुकव्यांच्या भिंतीसमोरून हलेनात.

एकच अडचण येते ती परतीची. सक्कारा कैरोच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर आहे. जाताना अ‍ॅपवरची गाडी सहज मिळते, तिथून परत मात्र बोलावून येत नाही, आणि फाटकाबाहेर उभे असलेले टॅक्सीवाले हे ओळखून भाव लावतात. म्हणून नेणाऱ्या चालकालाच थांबवून ठेवा. थांबण्याचे पैसे निघतानाच ठरवा, पौंडातच ठरवा, आणि हॉटेलच्या दारात उतरल्यावर द्या.