सीटीचा डोस: सामायिक रजिस्ट्री आधी, की विभागाची स्वतःची प्रणाली?

सीटी स्कॅनमध्ये रुग्णाला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या डोसवर लक्ष ठेवायचं, यावर आता वाद राहिलेला नाही. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर. विभागापुरती डोस-मॉनिटरिंग प्रणाली बसवायची, की अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने 2011 साली सुरू केलेल्या डोस इंडेक्स रजिस्ट्रीसारख्या सामायिक नोंदवहीत आपली माहिती पाठवायची? दोन्ही जमलं तर उत्तमच. पण या कामाला सहसा एकच माणूस मिळतो आणि तोही इतर कामं सांभाळून. म्हणून आधी काय, हे ठरवावंच लागतं.

स्वतःच्या प्रणालीची खरी ताकद वेगात आहे. सेंटरिंगचंच, म्हणजे रुग्णाला मशीनच्या बरोबर मध्यावर ठेवण्याचंच घ्या. रुग्ण गँट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) मध्यापेक्षा खाली राहिला आणि स्काउट (स्कॅनआधीचं आखणीचं सपाट चित्र) क्ष-किरणांची ट्यूब खाली ठेवून घेतला, तर ट्यूबच्या जवळ आल्यामुळे रुग्ण स्काउटवर आहे त्यापेक्षा रुंद दिसतो. रुग्णाच्या आकारानुसार ट्यूबचा करंट ठरवणारं ऑटोमॅटिक मॉड्युलेशन त्याला जाड समजतं आणि करंट, म्हणजेच डोस, वाढवतं. स्वतःची प्रणाली असेल तर ही चूक त्याच दिवशी, त्याच टेक्नॉलॉजिस्टसमोर स्काउट उघडून दाखवता येते. रजिस्ट्रीच्या अहवालात ती मीडियनमध्ये (सगळ्या आकड्यांच्या मधल्या आकड्यात) विरघळून गेलेली असते. या बाबतीत रजिस्ट्री कमी पडते, हे मान्यच करायला हवं.

तरीही माझा कल रजिस्ट्रीकडे आहे आणि त्याचं कारण तसं कंटाळवाणं आहे: प्रोटोकॉलची, म्हणजे मशीनवर साठवलेल्या स्कॅनच्या ठरावीक सेटिंगची, नावं. एका स्कॅनरवर ‘ॲब्डोमेन रुटीन’, दुसऱ्यावर ‘ॲब्ड पेल्व्हिस सीई’, तिसऱ्यावर मशीन बसवताना कुणीतरी ठेवलेलं आणि तसंच राहिलेलं नाव. त्यातही ‘रुटीन’खाली एका फेजचे आणि तीन फेजचे (तोच भाग तीनदा घेतलेले) स्कॅन एकत्र. तीन फेज घेतल्या की प्रत्येक फेजचा सीटीडीआयव्हॉल (मशीनच्या आउटपुटचा डोस-निर्देशांक) साधारण तेवढाच राहतो, पण एकूण डीएलपी (तो निर्देशांक गुणिले स्कॅनची लांबी) जवळपास तिप्पट होतो. कधी मानेची अँजिओ घाईत डोक्याच्या प्रोटोकॉलवर होते, तर कधी डोकं आणि छाती एकाच ॲक्सेशनवर (तपासणी क्रमांकावर) जाते आणि सगळा डोस डोक्याच्या नावावर चढतो. स्वतःची प्रणाली हे सगळं निमूटपणे मोजते आणि त्याचे देखणे आलेखही काढते. ही सरमिसळ वेगळी केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं ती कधीच बजावत नाही. अलर्टची मर्यादाही याच मिश्रणावरून ठरते. मग स्थूल रुग्णांचे अलर्ट रोज येत राहतात आणि लोक ते वाचणं सोडून देतात.

रजिस्ट्रीत ही पळवाट नाही. तिथे तुमचं प्रत्येक नाव रॅडलेक्स प्लेबुक या तपासण्यांच्या प्रमाणित नावांच्या यादीतल्या तपासणीशी जोडावं लागतं. जे जोडलं नाही, ते तुलनेतच येत नाही. म्हणून आधी सगळ्या स्कॅनरवरून गेल्या तीन महिन्यांतल्या नावांची यादी संख्येच्या उतरत्या क्रमाने काढा. वरच्या थोड्या नावांतच बहुतेक काम येतं, तेवढी आधी जोडा. सिंगल-फेज आणि मल्टी-फेज जोडण्याआधीच वेगळे करा. जुन्या मशीनवर आरडीएसआर (मशीन स्वतः तयार करतं तो डोसचा डिजिटल अहवाल) पाठवण्याचा पर्याय बंद नाही ना, तेही पाहा. रुग्णाची ओळख विभागातच काढून टाकून मगच माहिती बाहेर जाते. पण स्काउट पाठवायला विसरू नका, कारण त्यावरून रुग्णाचा आकार मोजून एसएसडीई, म्हणजे आकारानुसार सुधारलेला डोसचा अंदाज, काढला जातो. तो नसेल तर तुमचे रुग्ण जाड की तुमचा प्रोटोकॉल जास्तीचा, हे सांगता येत नाही.

फँटमचाही, म्हणजे डोस मोजण्यासाठी रुग्णाऐवजी वापरायच्या प्लास्टिकच्या दंडगोलाचाही, घोळ इथेच उघडा पडतो. तेवढ्याच आउटपुटला 16 सेंमी फँटमवरचा सीटीडीआयव्हॉल 32 सेंमीवरच्या आकड्याच्या साधारण दुप्पट असतो. लहान मुलांच्या पोटासाठी काही जुनी मशीनं 16 चा आकडा दाखवतात, तर काही 32 चा. मानेतही हाच प्रकार. दोन स्कॅनरमध्ये दुपटीचा फरक दिसला तर केव्हीला (ट्यूबच्या व्होल्टेजला) हात लावण्याआधी आरडीएसआरमधला फँटमचा प्रकार वाचा.

शिवाय, फक्त स्वतःच्याच मीडियनशी तुलना करणं म्हणजे आपलं घड्याळ पाहून आपलंच घड्याळ लावणं. विभागातले सगळे स्कॅनर सारखेच जास्त डोस देत असतील तर वेगळा कुणीच दिसणार नाही. रजिस्ट्री तुमचा मीडियन इतरांच्या मीडियन आणि 75 व्या पर्सेंटाइलशेजारी (ज्याच्या खाली 75 टक्के आकडे येतात त्या आकड्याशेजारी) ठेवते. तो 75 वा पर्सेंटाइल एकेका रुग्णाची मर्यादा मात्र नव्हे. गटाचा मीडियन त्याच्या वर गेला तर कारण शोधायचं, एवढाच त्याचा अर्थ. आणि आकडा फारच खाली असेल तर खूश होण्याआधी प्रतिमा उघडा, यकृतातली छोटी गाठ नॉइजमध्ये (कमी डोसमुळे येणाऱ्या रवाळपणात) हरवत तर नाही ना ते बघा. डोसच्या आकड्यांतून प्रतिमेचा दर्जा कळत नाही, तो रेडिओलॉजिस्टनेच पाहायचा.

माहिती बाहेर पाठवायला संस्थेची परवानगी नसेल किंवा मुख्य काम सीटीऐवजी फ्लुरोस्कोपीखालच्या (चालत्या क्ष-किरण चित्राखालच्या) प्रोसिजरचं असेल, तर स्वतःची प्रणाली आधी घेणं बहुधा योग्य. एरवी मी सुरुवात रजिस्ट्रीने करेन आणि नावं स्वच्छ झाल्यावर त्यांच्यावरच स्वतःचे अलर्ट बसवेन. फक्त एक सांभाळा. स्कॅनरचं सॉफ्टवेअर अपग्रेड झालं की प्रोटोकॉलची नावं बदलू शकतात, नवी नावं न जोडलेली राहतात आणि अहवालातली तपासण्यांची संख्या गुपचूप घटते. महिन्यातून एकदा ही न जोडलेल्या नावांची यादी कोण उघडणार, ते नोंदणीचा अर्ज भरण्याआधी ठरवा.