नवी चेन, झिजलेली कॅसेट: वापरलेल्या सायकलीच्या किमतीत टोपी कशी घातली जाते

वापरलेल्या सायकलीच्या व्यवहारात धडधडीत खोटं फार कमी वेळा बोललं जातं. बहुतेक फसवणूक धुऊन-पुसून होते. खालचा व्यवहार त्याचा नमुना आहे आणि थोड्याफार फरकाने तो सगळीकडे असाच होतो.

सायकल ॲल्युमिनियम फ्रेमची, डिस्क ब्रेकची. जाहिरातीत लिहिलेलं: वर्षभर जुनी, जेमतेम वापर, नुकतंच सर्व्हिसिंग, मागचा डिरेलर एक्सटी (डिरेलर म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आणि एक्सटी ही सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीची वरच्या दर्जाची मालिका). मूळ छापील किंमत 100 धरली तर विकणाऱ्याने 70 मागितले आणि घासाघीस होऊन सौदा 60 ला ठरला. घेणाऱ्याने खाली पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या, गिअर टकाटक पडले, ब्रेक लागले, पैसे दिले. पहिल्याच चढावर सीटवरून उठून जोर लावला तेव्हा चेन खाडकन घसरली. मग प्रत्येक चढावर तेच.

सायकल उघडल्यावर जे निघालं ते असं: चेन कोरी, पण कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, पार झिजलेली. चेनरिंगचे, म्हणजे पेडलपाशी असलेल्या पुढच्या चक्राचे, दाते एका बाजूला झुकून टोकदार झालेले. मागच्या ब्रेकची डिस्क, म्हणजे रोटर, मोजली तर 1.4 मिलिमीटर, शिमानोच्या साध्या रोटरची जाडी नवा असताना 1.8 असते आणि 1.5 ला तो बदलायचा असतो. हँडल वळवताना बरोबर मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकत होतं, म्हणजे हेडसेटचे (हँडल ज्यावर फिरतं त्या जोडाचे) बेअरिंग गेलेले. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, जागचा हलत नव्हता. डिरेलर खरोखर एक्सटी होता, पण शिफ्टर (गिअर बदलायचा खटका), क्रँक (पेडल जोडलेला दांडा) आणि ब्रेक त्याच्या कितीतरी खालच्या दर्जाचे.

यातली चेनची युक्ती नीट समजून घ्यायला हवी, कारण ती स्वस्तातली आहे आणि ती पचतेही. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर असतं. वापराने पिना आणि आतल्या भोकांची झीज होते आणि हे अंतर वाढत जातं. लोक त्याला ‘चेन ताणली’ म्हणतात. ताणलेली चेन तशीच चालवली की कॅसेटच्या दात्यांमधल्या खाचाही त्या वाढलेल्या मापाच्या होतात. जुनी चेन आणि जुनी कॅसेट एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून चालवणाऱ्याला काही जाणवत नाही. त्याच कॅसेटवर कोरी चेन टाकली की तिचे रोलर खाचांत पूर्ण बसत नाहीत. सगळा भार एक-दोन दात्यांवर येतो आणि जोर पडला की चेन दात्यांवर चढून उडी मारते. स्टँडवर चाक फिरवताना किंवा सपाटीवर आरामात चालवताना हे कधीच दिसत नाही, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून चाचणी चढावरच करायची. चढ नसेल तर मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवून, रोजच्या वापरातल्या मधल्या आणि लहान चक्रांवर एकेक करून जोर लावायचा.

चेन जुनी असेल तर उलट सोपं. साधी स्टीलची पट्टी पुरते. शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि तिथून 24 वी पीन बघा. ती बरोबर 12 इंचांवर हवी. सोळांश इंच पुढे गेली असेल तर झीज अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, मागे 11 किंवा 12 चक्रं असलेल्या सायकलीची चेन तेव्हाच बदलायची असते. अष्टमांश इंच पुढे असेल तर झीज एक टक्का झाली; मग चेनबरोबर कॅसेटचाही खर्च धरून चाला.

‘वर्षभर जुनी’ हा दावा तपासायला बिल नसलं तरी चालतं. शिमानोच्या बऱ्याच भागांवर दोन इंग्रजी अक्षरांचा बारीक ठसा असतो: क्रँकच्या आतल्या बाजूला, डिरेलरच्या मागे. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 2002 म्हणजे ए, 2003 म्हणजे बी, याच क्रमाने पी म्हणजे 2017. महिन्यांसाठी जानेवारीचा ए ते डिसेंबरचा एल. ‘पीसी’ दिसलं तर तो भाग मार्च 2017 चा. भाग तयार होऊन सायकलीवर बसेपर्यंत काही महिने जातात आणि अक्षरं 26 वर्षांनी पुन्हा येतात, तेवढी सूट द्या. पण वर्षभर जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या सायकलीच्या क्रँक, ब्रेक आणि हब (चाकाचा मधला भाग) अशा तिन्हींवर चार वर्षांपूर्वीचं अक्षर असेल तर बोलणं तिथेच थांबवावं. एकाच भागावर वेगळं अक्षर असेल तर तो भाग मागाहून बदललेला आहे, आणि का बदलला हा प्रश्न विचारायचा.

वापर किती झाला हे अशाच जागा सांगतात ज्या कुणी पुसत नाही. क्रँकच्या बाहेरच्या अंगावर बुटाने घासून रंग उडालेला असतो. सीट आणि ग्रिप कोऱ्या पण चेनरिंगचे दाते शार्कच्या पंखासारखे, ही जोडी जमत नाही: जे हाताला आणि डोळ्याला लागतं तेवढंच बदललंय. ‘सर्व्हिसिंग केलंय’ याचा अर्थ दहापैकी आठ वेळा धुऊन तेल टाकलंय एवढाच असतो. काय काय उघडलं, कुठला भाग बदलला, असं विचारलं की उत्तरं आखडतात.

मागच्या डिरेलरचा डाव जुना आहे. शिमानोच्या माउंटन सायकलींच्या भागांची चढती भाजणी अशी: टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओरे, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर. रस्त्यावरच्या सायकलींत क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, 105, अल्टेग्रा, ड्युरा-एस. सायकल बघणाऱ्याची नजर आधी मागच्या डिरेलरवर जाते, म्हणून कंपन्यासुद्धा तेवढाच भाग एक-दोन पायऱ्या वरचा लावतात आणि विकणारे तेच नाव मथळ्यात टाकतात. दर्जा ठरवायचा तो शिफ्टर, क्रँक, ब्रेक आणि चाकांच्या हबवरून. खर्च तिथे असतो. बहुतेक भागांवर मॉडेल क्रमांक कोरलेला असतो, तो टिपून घ्या.

हलत नसलेला सीटपोस्ट किरकोळ वाटतो, पण नाही. दोन वेगळे धातू, किंवा ॲल्युमिनियमच्या नळीत कार्बनचा पोस्ट, ओल आणि घामाच्या मिठामुळे एकमेकांना चिकटतात. ग्रीस न लावता वर्षानुवर्षं ठेवलं की असा जाम होतो की काढताना पोस्ट कापावा लागतो, कधी फ्रेमही जाते. ‘उंची तुम्हाला बरोबर बसतेय की’ असं म्हणून विकणारा पान्याला हात लावू देत नसेल तर हेच कारण समजा. पोस्ट वर-खाली करून बघा आणि किमान किती आत हवा ती खूणही बघा.

आता फ्रेम, कारण ती गेली तर बाकीचा हिशेब व्यर्थ. समोरून धडक बसलेली सायकल हँडलखालच्या जाड नळीच्या मागे पकडता येते: वरच्या आणि खालच्या नळीच्या खालच्या अंगावरून बोटाचं पेर फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला हलकासा फुगवटा लागला तर ती सायकल फुकट दिली तरी नको. दोरीची चाचणीही करा: हँडलच्या नळीवरून दोरी घेऊन दोन्ही टोकं मागच्या चाकाच्या आसाच्या जागी ताणून धरायची आणि सीटच्या नळीपासून डावीकडचं-उजवीकडचं अंतर मोजायचं. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे फ्रेम वाकलेली. एखाद्या जोडापाशीच कोरा रंग किंवा स्टिकर असेल तर तिथे नखाने चाचपा. कार्बन फ्रेममधली इजा बाहेरून दिसेलच असं नाही. धडकेचा संशय असेल तर किंमत ठरवण्यात अर्थच नाही.

बाकीच्या तपासण्या झटपट होतात. क्रँक बाजूला ढकलून बघा: दोन्ही बाजूंचे दांडे एकत्र हलले तर बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतात ते फ्रेममधलं बेअरिंग) गेलेलं, एकच हलला तर तो क्रँक सैल किंवा त्याचं भोक खराब. चाक फिरवून आउट किती जातं, म्हणजे डावी-उजवीकडे किती डुलतं, ते ब्रेकपाशी बघा. रिम ब्रेक (चाकाच्या कडेलाच घासणारा ब्रेक) असेल तर रिमची कड हाताला आत खोलगट लागते का, झिजेची खाच पुसली गेलीय का ते बघा. सस्पेन्शन असेल तर नळ्यांवर नखाला लागणारा ओरखडा म्हणजे सील गेलेलं किंवा जाणार, आणि त्याचा खर्च पूर्ण टायर-जोडीहून जास्त येऊ शकतो.

किंमत कशी काढायची? छापील किंमत विसरा, कारण त्या किमतीला ती सायकल मुळातच कुणी घेतलेली नसते. आज तीच किंवा तिच्यासारखी नवी सायकल सवलतीत किती ला मिळते, तिथून सुरुवात. वरच्या उदाहरणात ती 85 ला मिळत होती. पहिल्या वर्षात किंमत सर्वात झपाट्याने उतरते. तीन-चार वर्षं वापरलेल्या, धड स्थितीतल्या सायकलीला आम्ही साधारण 40 ते 45 टक्के धरतो. झिजेवरून ही सायकलही तेवढीच वापरलेली धरली, म्हणजे 85 चे 36 झाले. यातून दुरुस्ती वजा करायची, पण सरसकट नाही, आणि इथे घेणारेही चुकतात. टायर, पॅड, केबल यांची अर्धी झीज 36 च्या आकड्यात आधीच गृहीत आहे, म्हणून त्यांचा अर्धाच खर्च वजा. कॅसेट, चेनरिंग, रोटर, हेडसेट असा जो भाग आज निकामी आहे त्याचा पूर्ण खर्च वजा. इथे झिजणाऱ्या सामानाचा खर्च 8 होता, त्यातले 4 वजा. निकामी भागांचे 12. उरले 20. सीटपोस्ट न कापता निघाला तर! घेणाऱ्याने 60 मोजले होते.

लाइट, बाटलीचा स्टँड, मीटर, महागडी सीट यांचे पैसे सायकलीच्या किमतीत जवळजवळ मिळत नाहीत. ‘मी यावर इतका खर्च केलाय’ हा विकणाऱ्याचा खर्च आहे, सायकलीचं मूल्य नव्हे. जाहिरातीतले आकडेही मागितलेल्या किमती असतात. सौदा कितीला ठरला ते तिथे लिहिलेलं नसतं.

उलट्या बाजूने विकणारेही गंडतात. जुनी देऊन नवी घेताना दुकानदार प्रत्येक झिजलेल्या भागाची नवी किंमत आणि मजुरी पूर्णच्या पूर्ण वजा करतो, वर ‘बॉटम ब्रॅकेट गेलाय’ असं सांगून आणखी उतरवतो. तो भाग समोर हलवून दाखवायला सांगा. शिवाय जुन्याला दिलेली वाढीव किंमत नवीवर न मिळालेल्या सवलतीतून वसूल होत नाही ना, ते बघा: जुनी न देता नवी किती ला, हे आधी विचारून ठेवायचं.

सायकल तपासल्यावर आणि ताब्यात घेण्याआधी मधे दिवस जाणार असतील तर चाकं, डिरेलर आणि ब्रेकच्या मॉडेल क्रमांकांचे फोटो काढून ठेवा. बदललेली चाकं हा नेहमीचा प्रकार आहे. फ्रेमचा क्रमांक बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या खाली असतो. तो घासलेला किंवा रंगाने बुजवलेला असेल तर सायकल चोरीची असू शकते आणि ती तुमच्याकडून जप्त होईल. पावतीवर तो क्रमांक, विकणाऱ्याचं नाव-सही आणि ‘फ्रेमला तडा किंवा दुरुस्ती नाही’ हे वाक्य लिहून घ्या. लिहायला नकार देणाऱ्याला बयाणाही देऊ नका. विकत असाल तर फेरी मारायला सायकल देण्यापूर्वी ओळखपत्राचा मूळ कागद हातात ठेवा, आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट नव्हे, स्वतःच्या खात्यातली जमा बघा. पैसे घेण्यासाठी कुणालाही पासवर्ड किंवा ओटीपी द्यावा लागत नाही.